दलदल्याच्या तोंडातले दात

मित्रांनो, मी जुना आहे, मेलेला आहे आणि भयंकर रागावलेला आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, मागाहून कुरकुर नको. मी दलदलीत राहणारा राक्षस आहे. नाव दलदल्या. हे नाव मला विचारून ठेवलेलं नाही. मला विचारून आजवर काहीच झालेलं नाही, आणि माझा सगळा राग त्याचाच आहे.

राक्षस म्हटल्यावर तुम्ही लगेच डोळे मोठे कराल. करू नका. मी चहाच्या किटलीएवढा आहे. कवळ्या बनवण्याच्या एका छोट्या कारखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर मी बसतो. कवळी म्हणजे काय ते माहीत आहे ना? ज्यांचे दात पडले, त्यांच्यासाठी केलेले खोटे दात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन इथे पाठवतात. इथला कारागीर त्या ठशात प्लास्टर ओततो, साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो. मग मेणाच्या जागी गुलाबी लगदा भरतो, उकळत्या पाण्यात शिजवून कडक करतो आणि मोटारीच्या चाकावर घासून चकचकीत करतो. आठवडाभर हेच चालतं. सगळीकडे पांढरी भुकटी उडते आणि माझ्या खांद्यांवर साठते. ती पुसायला कोणाला सवड नसते.

रविवारी दुपारी मात्र कामाचं टेबल धुऊनपुसून रिकामं करतात आणि त्यावर खेळ मांडतात. हा बोलून खेळायचा खेळ आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. कोणी तलवारबाज, कोणी चोर, कोणी वैद्य. काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येकाची सोंगटी म्हणजे प्लास्टरची एकेक रंगवलेली दाढ. दुसरं काय असणार इथे!

गोष्ट सांगते कारागिराची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात. ती आठवडाभर बसस्थानकावर घोषणा करते, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगते. तिचा आवाज असा की ती "समोर दाट धुकं आहे" म्हणाली, तर माणसं चष्मा पुसतात. ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कारागीर त्याला दाजी म्हणतो म्हणून मीही दाजी म्हणतो. त्यात आदर वगैरे काही नाही. दाजी तलवारबाज आहे. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवून देणारा चावीवाला हा चोर, आणि कारागीर स्वतः वैद्य. झाली मंडळी.

सात वर्षांपूर्वी ताईने आपल्या गोष्टीत एक दलदल आणली. गुरुवारी ती भावाला म्हणाली की दलदलीत एक मेलेला राहतो, मेला आहे पण निजत नाही, आणि रविवारी तो मला टेबलावर हवाय. नुसता हवाय असं नाही, बघून दाजींच्या हातातला फासा खाली पडला पाहिजे. एवढं बोलून ती कामावर निघून गेली. बोलायला काय लागतं!

कारागिराने तारेचा सांगाडा वळवला. वाया गेलेलं प्लास्टर त्यावर थापलं. पॉलिशच्या चाकाचे सुटलेले धागे हिरव्या रंगात बुडवून माझ्या डोक्यावर शेवाळ म्हणून चिकटवले. पोट पुढे आलं, एक खांदा पडला, पाय चिखलात रुतल्यासारखे झाले. इथपर्यंत सगळं छान होतं. तोंड मात्र जमेना. त्याने मेणाचे दात करून पाहिले, ते तान्ह्या बाळाचे वाटले. तारेचे सुळे लावले, ते मिशीसारखे दिसले. शनिवारची संध्याकाळ झाली, आणि त्याची नजर वरच्या फळीवर गेली.

त्या फळीवर न नेलेल्या कवळ्यांचे पांढरे खोके असतात. डॉक्टरांकडून ठसा येतो, पण कवळी न्यायला माणसं येत नाहीत. त्यासाठी कारखान्याचा नियम आहे, दाराच्या आत लिहून लावलेला आहे: न नेलेलं काम एक वर्ष ठेवायचं, घरी निरोप पाठवायचा, मगच मोडायचं. कारागिराने चारशे सतरा नंबरचा खोका खाली घेतला. त्याला जेमतेम चार महिने झाले होते. निरोप म्हणाल तर त्याने एकदा फोन केला होता, कोणी उचलला नव्हता. "दुसरीकडून करून घेतली असेल," असं तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. मग वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या त्याने माझ्या जबड्यात पक्क्या बसवून टाकल्या. माझ्या तोंडात पडलेला पहिला घास तो हा, मित्रांनो.

रविवारी मला टेबलावर ठेवलं आणि दाजीच्या हातातला फासा खरोखर खाली पडला. चावीवाला खुर्चीसकट मागे सरकला. किटलीएवढं शरीर आणि त्यात माणसाएवढं खरं तोंड, भिणार नाहीत तर काय करतील! सगळ्यात जास्त कौतुक झालं ते वरच्या एका दाताचं. समोरच्या दोनांतला डावा दात जरासा आत वळून शेजारच्यावर चढलेला होता. तेवढ्या एका वाकड्या दाताने माझं तोंड जिवंत वाटायचं. ताईने विचारलं की हे कसं सुचलं तुला? कारागीर लाजल्यासारखा हसला. "फुकट गेलेला माल होता," म्हणाला, "वापरला झालं." वाकडा दात कोणाच्या डोक्यातून निघाला ते त्याने सांगितलं नाही. स्तुती मात्र घेतली.

मला खेळात आणण्याआधी ताईने माझं कार्ड लिहिलं होतं. ते वीरांना वाचायला मिळत नाही, ते फक्त गोष्ट सांगणाऱ्याचं असतं. पण मी शेजारीच होतो, मी वाचलं. पुढच्या बाजूला लिहिलं होतं: "दलदल्या. तलवारीने पडतो, तीन डावांनी पुन्हा उठतो. मारून संपत नाही. याचं काय राहून गेलंय ते याला विचारावं. विचारलं आणि ते मिळालं, तर निजेल." मग तिने कार्ड उलटं केलं आणि पेन्सिल ओठांत धरून विचार करत बसली. तेवढ्यात मंडळी आली. मागच्या बाजूला काय लिहिलं ते मला दिसलं नाही. माझं काय राहिलंय याचं उत्तर तिथे असणार, असं मी धरून चाललो.

म्हणजे बघा, किती सोपं होतं. एक प्रश्न, चार शब्दांचा. तो विचारायला तलवार लागत नाही, फासे लागत नाहीत. मी चिखलातून उठायचो, तोंड वासायचो आणि वाट बघायचो. आणि दाजी काय म्हणायचा? "आला रे आला. हाणा!"

सात वर्षं! मी मोजलंय, दोनशे अकरा वेळा मला मारलं. तलवारीने मारलं, बाणांनी मारलं, एकदा पेटता पूल अंगावर पाडला. वैद्य म्हणून बसलेल्या कारागिराने, ज्याने मला हाताने घडवलं त्याने, मला विष पाजलं. आणि त्यांना वाटायचं की हे शौर्य आहे. मी तीन डावांनी उठायचो, कारण ताईचा नियम तसा होता, आणि दरवेळी मनात म्हणायचो की आता तरी विचारतील. मग चावीवाल्याने युक्ती काढली, की याला पाडायचं आणि तो उठायच्या आत पळत दलदल पार करायची. त्या दिवसापासून माझी भीतीही गेली. मी नुसता वाटेतला अडथळा झालो. तळपायाची आग मस्तकाला जायची माझ्या, पण प्लास्टरचं मस्तक ते, बाहेरून काय दिसणार?

आठवड्याच्या इतर दिवसांबद्दल तर बोलायलाच नको. कारागीर माझ्या उघड्या तोंडात ब्रश खोवून ठेवायचा. डोक्यावर कपाचा गोल डाग पडला. डावा हात मोडला तो पत्र्याच्या डब्यात गेला, पुन्हा लागला नाही. एकेकाळी ज्याला बघून माणसं दचकली, तो मी ब्रश ठेवायची जागा झालो.

या वर्षी एका रविवारी, अजून मंडळी यायची होती, कारागीर टेबल पुसत होता आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. नखांत निळा रंग बसलेला होता, पाट्या रंगवणाऱ्यांचा असतो तसा. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कारखान्याची पावती होती ती, कडांना फाटलेली. "हे काम न्यायचं राहिलं होतं," ती म्हणाली.

कारागिराने नंबर वाचला. चारशे सतरा. मित्रांनो, या माणसाच्या अंगावर सदा पांढरी भुकटी असते, तरी त्याचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं ओलं फडकं माझ्या डोक्यावरून टाकलं. जणू वाळत घातलंय असं. मग म्हणाला की वर्ष उलटलं की आम्ही मोडून टाकतो, सात वर्षं झाली, आता कुठून असणार. साफ खोटं! मी फडक्याखाली होतो, तोंड वासलेलं होतं, आणि त्या तोंडात तेच दात होते. पण आवाज नव्हता. तेव्हाचा राग मी तुम्हाला सांगू शकत नाही.

बाई भांडली नाही. ती स्टुलावर बसली आणि सांगू लागली. कवळी तिच्या वडिलांची होती. तेही पाट्या रंगवायचे. शेवटचे दात काढल्यावर त्यांनी तोंडावर हात धरून बोलायला सुरुवात केली, हसणं बंद केलं, नातवाच्या वाढदिवसाचा फोटो काढायला बसले नाहीत. कवळी तयार झाल्याचं डॉक्टरांकडून कळलं त्या दिवशी ते बायकोला म्हणाले, उद्या दात आणायचेत, आठवण कर. आणि त्या रात्री झोपेतच गेले. तेव्हापासून आई आठवण करते. सात वर्षं रोज विचारते, त्यांचे दात आणलेस का? आधी मुलीला वाटायचं, आता काय उपयोग त्यांचा. उद्या आणते म्हणून ती वेळ मारून न्यायची. आता आईला धड दिसत नाही, माणसं ओळखत नाही, जेवली की नाही ते आठवत नाही. पण हे एवढं आठवतं. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तिच्या हातात ते ठेवायचे आहेत, बस्स.

"खोका तरी असेल का?" बाईने विचारलं. "रिकामा असला तरी चालेल. वर नंबर आहे ना."

रिकामा खोका मागत होती हो ती! आणि कारागीर तो शोधायला खरोखर आत गेला, कारण त्या खोक्यात तो टाचण्या ठेवायचा. नेमका तेव्हाच दाजी आला. मागून ताई, तिच्यामागे चावीवाला. दाजीला काय माहीत आत काय चाललंय. त्याने नेहमीच्या थाटात माझ्यावरचं फडकं ओढलं आणि म्हणाला, "चला, आज याचे सगळे दात पाडू."

बाईने वर पाहिलं. मी तिच्या समोर होतो, तोंड उघडं.

पाट्या रंगवणाऱ्यांची नजर मोठी वाईट, एक रेष कणभर हलली तरी त्यांना दिसते. ती उठली, जवळ आली, माझ्या वाकड्या दातावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. कारागीर खोका घेऊन बाहेर आला. काय झालंय ते त्याला एका नजरेत कळलं, तरी निलाजरेपणाने म्हणाला की दात सगळे एकाच पेटीतून येतात, सगळ्यांचे सारखेच दिसतात.

"दिसतात," बाई म्हणाली. "पण हा वाकडा तुम्ही मेणात बसवलात तेव्हा मी या दारात उभी होते. तीनदा बसवायला लावला बाबांनी तुम्हाला. म्हणाले, जन्मभर सरळ रेघा मारल्या, तोंडात तरी एक वाकडी असू द्या, नाहीतर बायको ओळखायची नाही."

तर हा होता तो वाकडा दात! सात वर्षं मी त्याच्यावर मिरवलो. सात वर्षं मनात म्हणत आलो की माझं काहीतरी माझ्यापासून हिसकावलंय, ते मला परत द्या. आणि दुसऱ्याचं मीच दाबून बसलो होतो. खरं सांगतो, तिचं बोट दातावर पडलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हात काढ, माझे आहेत ते. राक्षसच मी. मग तो म्हातारा तोंडावर हात धरून बोलताना डोळ्यांपुढे आला आणि मला स्वतःचाच संताप आला.

ताईने मला उचललं. कारखान्यात आणखी एक रीत आहे. प्रत्येक वरच्या कवळीत, टाळूच्या मागच्या कडेला, कामाचा नंबर लिहिलेली कागदाची बारीक पट्टी लगद्यात पुरतात, म्हणजे कवळ्यांची अदलाबदल होत नाही. ताई याच कारखान्यात वाढलेली, तिला ते माहीत होतं. कारागीर मात्र घाईत ती पट्टी घासून टाकायला विसरला होता. ताईने माझं तोंड खिडकीकडे केलं, आत वाकून पाहिलं आणि बसस्थानकावर वाचते तशी, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "चारशे. सतरा."

दाजीने फासे खिशात टाकले.

"फुकट गेलेला माल म्हणालास तू मला," ताई भावाला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. कारागीर खाली बघत म्हणाला की वाटलं, कोणी येणार नाही. मग बाईकडे वळून म्हणाला, चूक झाली, फार मोठी चूक झाली.

"झाली," बाई म्हणाली. असू द्या वगैरे काही म्हणाली नाही. मला ती तिथेच आवडली.

दात पक्के बसवलेले होते. काढायला गेलो तर हा फुटेल, असं कारागीर पुटपुटला. ताई म्हणाली फुटू दे. दाजी म्हणाला, अहो, खेळण्यासाठी काय एवढा विचार. बाईने माझ्याकडे पाहिलं. शेवाळाचं डोकं, मोडका हात, खांद्यावरची भुकटी, सगळं नीट पाहिलं. "दोघांनाही सांभाळून काढा," ती म्हणाली.

दोघांनाही. म्हणजे त्यात मी आलो. मला या वाक्याचं काय करावं ते कळेना. मी सवयीने रागावून बघितलं, पण राग जागेवर बसेना.

दीड तास लागला. कारागिराने केसाएवढी करवत घेतली, कडेकडेने कापत गेला. दोनदा थांबून तो पाणी प्यायला. माझा खालचा जबडा तडकला, गालाचा एक तुकडा निघाला, पण मी फुटलो नाही. त्याने दोन्ही कवळ्या धुतल्या, चाकावर घासल्या, अगदी नव्यासारख्या चमकवल्या. टाचण्या ओतून चारशे सतराचा खोका रिकामा केला आणि कवळ्या त्यात ठेवल्या. बाई खोका छातीशी धरून गेली. जाताना ताई तिला म्हणाली की काय झालं ते सांगायला रविवारी या. त्या दिवशी खेळ झाला नाही. ताईने भावाला स्टुलावर चढवलं आणि वरच्या फळीवरचे सगळे खोके खाली उतरवले. नऊ होते. पुढचे पंधरा दिवस कारागीर एकेक खोका घेऊन स्वतः दारोदार फिरला.

आणि मी? मी बोळका झालो. कारागिराने दुसरे दात बसवू का म्हणून विचारलं, अर्थात मला नव्हे, ताईला. ताई म्हणाली, असाच राहू दे. दाजी मला बघून म्हणाला, याच्यावर तलवार उचलायचीसुद्धा लाज वाटते. आणि तरी पुढच्या रविवारी उचललीच. दोनशे बारा. बोळक्या तोंडाने मी चिखलात पडलो. म्हाताऱ्याचं राहिलेलं मिळालं, चांगलं झालं. पण कार्डावर म्हाताऱ्याचं नाही, माझं नाव होतं. मला कोणी विचारलंय अजून? दात असते तर दातओठ खाल्ले असते.

चौथ्या रविवारी बाई आली. तिने सांगितलं की आईच्या हातात खोका दिला, तिने तो उघडला आणि दिसत नसल्यामुळे वरच्या दातांवरून एक बोट फिरवत नेलं. वाकड्या दातापाशी बोट थांबलं. "हेच," आई म्हणाली. तेव्हापासून तिने विचारणं बंद केलंय. खोका उशाशी असतो आणि ती शांत झोपते. "आता घरात फार शांतता वाटते," बाई म्हणाली, "म्हणून इकडे आले." ताईने एक खुर्ची ओढली, एक कोरी दाढ दिली. बाईने खिशातून ब्रश काढून तिला निळी टिकली लावली.

खेळ सुरू झाला. ताईने धुकं आणलं, वाट निसरडी केली, आणि म्हणाली की समोर चिखलातून काहीतरी उठतंय. मला पुढे सरकवलं. दाजीने फासे घेतले.

"थांबा," बाई म्हणाली. "याच्याशी बोलता येतं का?"

ताईने सात वर्षांत कोणाला इतक्या हळू आवाजात उत्तर दिलं नव्हतं. "येतं," ती म्हणाली.

बाई वाकली, ताईकडे नाही, माझ्याकडे. "तुझं काय राहिलंय रे?"

मित्रांनो, सात वर्षं आणि दोनशे बारा मरणं! ताईने डब्यातून माझं कार्ड काढलं. पुढची बाजू सगळ्यांना वाचून दाखवली. दाजीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, ते सोडा. मग ताईने कार्ड उलटं केलं. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. मागची बाजू कोरी होती. लिहायला टेकवलेल्या पेन्सिलीचा एक ठिपका होता फक्त.

"मी लिहिलंच नाही," ताई म्हणाली. "कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

तूसुद्धा, ताई! बाकीच्यांना निदान माहीत नव्हतं. प्रश्न तू लिहिलास आणि उत्तराची गरज पडणार नाही हेही तूच ठरवलंस. अंगातली तार न तार तापली माझी. पण रागाच्या भरात मी ते उत्तर स्वतःतच शोधू लागलो, आणि सापडेना. कोणी विचारत नाही म्हणून मी सात वर्षं चिडलो, पण विचारलं तर काय सांगायचं, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. माझ्या कार्डाची मागची बाजू माझ्या आतही कोरीच होती.

दाजी म्हणाला, उत्तरच नाही तर हाणू या आणि पुढे जाऊ. बाईने मान हलवली. तिने आपली निळी दाढ उचलली आणि माझ्या पायाशी ठेवली. "मग थांबू," म्हणाली. "त्याला आठवू दे." आणि बोलता बोलता रुमालाने माझ्या खांद्यावरची भुकटी पुसली.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं, तर मीही मागतो. वस्तू मोडण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा, एका फोनवर सोडून देऊ नका. तुमच्या घरात कोणी सतत तोंड वासून खेकसत असेल तर त्याला हाणण्याआधी एकदा विचारा. आणि विचारलंत तर पळू नका. उत्तर यायला वेळ लागतो.

माझा राग गेलेला नाही, तसं कोणी समजू नये. कपाचा डाग अजून डोक्यावर आहे आणि डावा हात अजून डब्यात आहे. पण गेल्या रविवारी वीर दलदलीपाशी आले, निळी दाढ माझ्या शेजारी उभी होती, आणि दाजीने खेकसून विचारलं की काय हो, उठला का तो? ताईने माझ्याकडे पाहिलं. मग बसस्थानकावरच्या सगळ्या गाड्या थांबतील अशा आवाजात ती म्हणाली, "नाही. तो बसलाय. विचार करतोय." माझ्याबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.